पाणी धावपट्टीला लागून, नियम मात्र भरसमुद्रासाठी

15 जानेवारी 2009 ला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेल्यामुळे न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाच्या पुढच्या दोन्ही दारांशी हवा भरलेले तराफे होते. साठाहून अधिक माणसं त्यांच्यावर बसून वाचली. हे तराफे त्या विमानात असायलाच हवेत, असं कुठल्याही नियमात नव्हतं. विमान न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून शार्लट शहराला निघालेलं, म्हणजे सगळा प्रवास जमिनीवरून. विमान कंपनीच्या ताफ्यातली या जातीची, म्हणजे ए-320, काही विमानं समुद्रापलीकडच्या मार्गांसाठी सुसज्ज केलेली होती, बाकीची नव्हती. त्या दुपारी गेटवर सुसज्ज विमान लागलं, हा निव्वळ योगायोग.

त्या घटनेला जगभर चमत्कार म्हटलं गेलं. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांचं जेवढं कौतुक झालं तेवढं कमीच आहे. पण चमत्कार म्हणून हात जोडले की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि या बाबतीत ते राहूनच गेले आहेत. माझं म्हणणं असं: प्रवासी विमान पाण्यावर उतरण्याची वेळ आली, तर ती विमानतळाच्या आसपास येण्याची शक्यता मोठी आहे, कारण पक्षी तिथे असतात. आपले नियम मात्र किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूरचा समुद्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. मुंबई आणि नवी मुंबईसारख्या, खाडी-समुद्राला खेटून असलेल्या विमानतळांच्या शहरांनी ही विसंगती चालवून घेऊ नये.

आधी नियम बघू. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार, एक इंजिन बंद पडलं तरी उडत राहू शकणाऱ्या विमानाला किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 93 किलोमीटरच्या पुढे जायचं असेल, तर प्रत्येक प्रवाशासाठी लाइफ जॅकेट लागतं. तराफ्यांची अट त्याहून लांब सुरू होते: 400 सागरी मैल किंवा दोन तासांचं उड्डाण, यातलं जे कमी असेल ते. अमेरिकेत दोन्हींसाठी रेषा 50 सागरी मैलांची आहे, आणि तिच्या अलीकडे सीटची तरंगणारी गादी चालते. भारतातले नियमही आयसीएओच्या चौकटीवरच बेतलेले आहेत. या मांडणीमागचा विचार जुना आहे आणि त्याच्या जागी बरोबरही आहे: किनाऱ्यापासून जितके दूर, तितकी मदत यायला उशीर. पण यात गृहीत असं धरलंय की विमान पाण्यात उतरेल ते लांबच्या प्रवासात, उंचावर काहीतरी बिघडल्यामुळे.

पक्ष्यांना हे गृहीतक लागू पडत नाही. विमानाला पक्षी धडकण्याच्या दहापैकी नऊ घटना जमिनीपासून साडेतीन हजार फुटांच्या आत घडतात, म्हणजे विमान धावपट्टी सोडून वर चढत असताना किंवा उतरायला येत असताना. ए-320 सारखं विमान दोन इंजिनांचं असतं, आणि थवा मोठा असला तर दोन्ही इंजिनं एकाच क्षणी सापडतात. तेव्हा हाताशी उंची नसते आणि वेळही नसतो. धावपट्टीच्या टोकाला पाणी असेल, तर उतरायला सपाट जागा बहुधा तीच.

हडसनवर नेमकं हेच घडलं. दुपारी 3 वाजून 27 मिनिटांनी, सुमारे 2,800 फुटांवर, विमान कॅनडा गीज या मोठ्या हंसांच्या थव्यात घुसलं. दोन्ही इंजिनांत प्रत्येकी किमान दोन पक्षी गेले. या जातीच्या इंजिनाची चाचणी चार पौंडी, म्हणजे 1.8 किलोच्या पक्ष्यावर झालेली होती. त्या चाचणीतही अट एवढीच, की इंजिन फुटून विमानाला इजा होऊ नये, सुरक्षितपणे बंद पडावं. कॅनडा गीज अडीच किलोपासून जवळजवळ पाच किलोपर्यंत भरतात. इंजिनाच्या तोंडाला जाळी का लावत नाहीत, असं लोक नेहमी विचारतात. एवढ्या वेगात आलेला पक्षी थोपवू शकेल इतकी मजबूत जाळी हवेची वाटही अडवते, तिच्यावर बर्फ साचतो, आणि ती स्वतः तुटली तर पक्ष्याऐवजी धातू इंजिनात जातो. तो मार्ग बंद आहे.

धडकेपासून पाण्यापर्यंत साडेतीन मिनिटं. एवढ्या वेळात स्काइल्स दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर करायच्या गोष्टींची यादी वाचत होते. ती यादी तीन पानांची होती आणि वीस हजार फुटांहून उंच असलेल्या विमानासाठी लिहिलेली होती: इंजिन पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न आधी, पाण्यावर उतरण्याची तयारी शेवटी. ते पहिल्या पानाच्या आसपासच राहिले. सलनबर्गर यांनी शेपटाकडचं सहायक वीजयंत्र, एपीयू, यादीची वाट न पाहता लगेच चालू केलं आणि त्यामुळे विमानाचे संगणक जागे राहिले. यादीत ती सूचना बरीच पुढे होती. तीन मिनिटांच्या संकटासाठी अर्ध्या तासाच्या संकटाची यादी हाती दिलेली होती. विमानातला तो कागदसुद्धा भरसमुद्रासाठीच लिहिलेला होता.

पुढे चौकशीत सिम्युलेटरवर प्रयोग झाले. पक्षी धडकताक्षणी विमान वळवलं तर काही प्रयत्नांत लागार्डियापर्यंत पोचता आलं. विचार करायला, काय झालंय ते समजून घ्यायला 35 सेकंद धरून तोच प्रयोग केला, तेव्हा विमान पोचलं नाही. खऱ्या कॉकपिटमधल्या माणसाला ते 35 सेकंद द्यावेच लागतात. न पोचणं तिथे दाट वस्तीवर कोसळणं ठरलं असतं. सलनबर्गर यांनी नदी निवडली आणि तीही अशा जागी, जिथून फेरीबोटींचे धक्के दिसत होते.

पाण्यावर उतरण्याच्या चाचणीबद्दलही चौकशीत महत्त्वाची गोष्ट निघाली. या विमानाला पाण्यावर उतरण्यालायक ठरवताना असं धरलं होतं, की ते सेकंदाला साडेतीन फूट इतक्या हळू टेकेल. प्रत्यक्षात ते सेकंदाला साडेबारा फूट वेगाने खाली आलं. पोटाचा मागचा भाग फाटला, एक उभी तुळई फरशीतून वर घुसून मागे बसलेल्या केबिन कर्मचाऱ्याच्या पायात शिरली, आणि मागची दारं पाण्याखाली गेली. इंजिनाचा जोर नसताना इतक्या कसलेल्या वैमानिकाला जे जमलं नाही, ते कागदावर सगळ्यांना जमेल असं मानलेलं होतं. शेपटाकडचे दोन तराफे त्यामुळे वाया गेले. पुढचे दोन उरले, तेच कामी आले. विमान तराफा न होणाऱ्या, फक्त खाली उतरायच्या साध्या घसरगुंड्यांचं असतं, तर ते दोन तरी कुठून येणार होते?

लाइफ जॅकेटचा भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. ती विमानात होती. सीटखालच्या पाकिटात घट्ट घडी घालून ठेवलेली. दोन रांगांमध्ये गुडघे अडकलेले असताना वाकून, हात उलटा करून, न दिसणारी पट्टी ओढायची, पाकीट फाडायचं, डोक्यातून घालायचं, कमरेचा पट्टा मागून पुढे आणून अडकवायचा. आपल्या घरात बसून, उजेडात, हे पहिल्यांदा करायला कुणालाही वेळ लागेल. तिथे पाणी चढत होतं. शिवाय कॉकपिटमधून फक्त धक्का सहन करायला तयार राहा एवढीच सूचना आली होती. पाण्यावर उतरतोय हे केबिन कर्मचाऱ्यांनाही उतरल्यावर, खिडकीबाहेर बघून कळलं. 150 प्रवाशांपैकी जेमतेम चार जणांना जॅकेट नीट बांधता आलं. उड्डाणापूर्वीचं प्रात्यक्षिक सुमारे सत्तर टक्के प्रवाशांनी पाहिलंच नव्हतं. मुंबई-गोवा विमानात हे प्रात्यक्षिक सुरू झालं की आजही निम्म्या माना मोबाइलवर झुकतात. पण दोष फक्त प्रवाशांवर ढकलून चालणार नाही. जी वस्तू घाईत काढता येत नाही ती सुरक्षिततेची वस्तू म्हणून मोजणं चूक आहे.

आणि जॅकेट हाती लागलं तरी ते कसं वापरायचं हे ठाऊक हवं. 23 नोव्हेंबर 1996 ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात आदळलं. 175 पैकी 125 माणसं गेली. त्यात असे अनेक होते ज्यांनी घाबरून विमानाच्या आतच जॅकेट फुगवलं, आणि पाणी भरल्यावर ते छताला चिकटून अडकले. तिथे पक्ष्यांचा संबंध नव्हता. पण ‘बाहेर पडल्याशिवाय फुगवू नका’ हे एक वाक्य किती जिवांचं आहे, ते यावरून कळतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मे 2010 मध्ये अहवाल दिला. त्यात 35 शिफारशी होत्या: कमी उंचीवर दोन्ही इंजिनं गेली तर वापरायची वेगळी यादी, पाण्यावर उतरण्याच्या चाचणीचा फेरविचार, आणि मार्ग कुठलाही असो, प्रत्येक प्रवाशासाठी लाइफ जॅकेट. हे मंडळ शिफारस करतं, हुकूम देऊ शकत नाही. मार्ग कुठलाही असो, ही शिफारस नियमात उतरली नाही. रेषा 50 सागरी मैलांवरच राहिली.

यावरचं उत्तर मला माहीत आहे आणि ते फेटाळण्यासारखं नाही. तराफ्याचं वजन असतं, वजनाला इंधन लागतं, इंधनाचे पैसे तिकिटात येतात, आणि पाण्यावर उतरण्याची घटना दशकातून एखाद-दुसरी घडते. नागपूर-दिल्ली विमानात तराफे ठेवा असं मी म्हणत नाही. पण आयसीएओच्या त्याच कलमात एक पोटकलम आहे: उड्डाणाचा किंवा उतरण्याचा मार्ग पाण्यावरून असेल आणि अपघातात पाण्यात उतरण्याची शक्यता असेल, तर अंतर न मोजता लाइफ जॅकेट हवंच. म्हणजे तत्त्व मान्य आहे. ते तराफ्यांना लावलेलं नाही, आणि शक्यता आहे की नाही हे ठरवायचं काम त्या त्या देशावर सोडलेलं आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, अशा विमानतळांची यादी जाहीर करावी. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेला उडालेलं विमान जुहू ओलांडून लगेच समुद्रावर येतं. 1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं आणि 213 माणसं गेली. कारण वेगळं होतं, पक्षी नव्हते. पण समुद्र धावपट्टीपासून किती मिनिटांवर आहे हे या शहराला तेव्हापासून माहीत आहे. दाबोळी आणि तिरुवनंतपुरम यांचीही तीच गत.

आता मुळाकडे, पक्ष्यांकडे. अरबी समुद्र म्हणजे जानेवारीतली संथ हडसन नव्हे. जुलैच्या लाटांवर कितीही निष्णात वैमानिकाने विमान टेकवलं तरी ते अखंड राहील याची खात्री कुणी देणार नाही. म्हणून पहिलं काम पक्षी आणि विमान एका वाटेवर येऊ न देणं. 4 ऑक्टोबर 1960 ला बोस्टनहून उडालेलं लॉकहीड इलेक्ट्रा विमान साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात सापडून विन्थ्रॉपच्या खाडीत पडलं, 72 पैकी 62 जण दगावले. मूठभर वजनाचे पक्षी होते ते. 29 डिसेंबर 2024 ला दक्षिण कोरियातल्या मुआन विमानतळावर जेजू एअरच्या दोन्ही इंजिनांत बैकल टील बदकांचे अवशेष सापडले. विमान पोटावर उतरलं आणि धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं. 181 पैकी दोघंच वाचले. तो विमानतळही पाणथळ किनाऱ्यालगतचाच आहे.

आपल्याकडे कायदा आहे. विमान नियम 1937 मधला नियम 91 सांगतो, की विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात जनावरं कापू नयेत, सोलू नयेत, पक्ष्यांना ओढून आणेल असा कचरा टाकू नये. परवानगीची सोय आहे, ती योग्य व्यवस्था असेल तरच. देवनारचा कत्तलखाना आणि कचराभूमी दोन्ही मुंबई विमानतळापासून या परिघाच्या आत आहेत. घारी कुठे घिरट्या घालतात हे गोवंडीतलं शाळकरी पोरही सांगेल. दहा किलोमीटरचा नियम करून त्याच्या आतच शहराचा सगळ्यात मोठा उकिरडा राहू देणं, हे पक्ष्यांना दोन वेळचं जेवण लावून त्यांनी येऊ नये असं म्हणण्यासारखं आहे.

पाणथळ जागांचं मात्र उलटं आहे, आणि इथे विमान सुरक्षेच्या नावाने चुकीची मागणी होऊ शकते म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला दुबईहून येणारं विमान फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, तीसहून अधिक पक्षी मेले. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे, पनवेलच्या खाडीजवळ, उलवे नदीचा प्रवाह वळवून. फ्लेमिंगो ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली, चिखल बुडाला, की नेरूळच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. ती तळी बुजवली तर पक्षी नाहीसे होतील असं वाटणं चूक आहे. भरती रोज यायचीच आणि तेवढ्या वेळेपुरती त्यांना उभं राहायला जागा लागणारच. नेरूळला नसेल तर ते दुसरी मोकळी, उथळ, शांत जागा शोधतील, आणि विमानतळाचं आवार तसंच असतं. उरणच्या पाणजेपासून नेरूळपर्यंतच्या पाणथळ जागा राखा, असं बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक सांगत आले आहेत ते याच कारणाने. पर्यावरणवाद्यांचा हट्ट म्हणून हा सल्ला बाजूला सारणाऱ्यांनी तो प्रवाशांच्या जिवाचा सल्ला म्हणून पुन्हा वाचावा.

कुठला पक्षी, कुठून आला, हे न कळता उपाय केले की काय होतं, तेही न्यूयॉर्कनेच दाखवलं. 2009 च्या उन्हाळ्यात शहरात मुक्कामी असलेले हजारावर हंस पकडून मारले गेले. दरम्यान स्मिथसोनियन संस्थेतल्या अभ्यासकांनी इंजिनात सापडलेल्या पिसांमधला हायड्रोजन तपासला. पीस जिथे वाढतं तिथल्या पाण्याची खूण त्यात राहते. ती खूण निघाली कॅनडातल्या लॅब्राडोरकडची. विमान पाडणारे पक्षी स्थलांतर करून आलेले होते. मुक्कामी हंसही धोक्याचे असतात हे खरं, पण स्थलांतराचा थवा हेरायला रडार लागतं, कॅलेंडर लागतं, पक्षी ओळखणारी माणसं लागतात. मुंबईच्या दोन्ही विमानतळांवर पक्षीतज्ज्ञ कायमचे हवेत आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांच्या टेबलावर हवं. फटाके आणि भोंगे पुरे पडत नाहीत.

राहता राहिली सुटका. हडसनमध्ये पाण्याचं तापमान सुमारे 5 अंश होतं, हवा शून्याखाली. पहिली फेरीबोट चार मिनिटांत पोचली. बोटीवरच्या कामगारांना पाण्यात पडलेल्या माणसाला वर घ्यायचा सराव होता. ती नदी गजबजलेली नसती, तर त्या पंखांवर उभ्या राहिलेल्या किती जणांची बोटं सुटली असती? वैमानिकांइतकंच श्रेय मी त्या बोटवाल्यांना देतो.

आपल्याकडे या प्रश्नात एक फट आहे आणि ती कॅलेंडरमध्ये दिसते. पावसाळ्यात गवत वाढतं, किडे होतात, आणि विमानतळांवर पक्षी धडकण्याच्या घटना वाढतात. नेमक्या त्याच दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंदी असते. वेसावे-जुहूच्या कोळ्यांच्या होड्या वर ओढलेल्या असतात. गेटवे-मांडव्याच्या लाँचही बंद असतात. बंदी योग्यच आहे, माशांच्या विणीसाठी आणि कोळ्यांच्या जिवासाठी. पण धोका सर्वांत जास्त असताना पाण्यावर सर्वांत कमी बोटी असतात, तेव्हा त्या दोन महिन्यांत जुहूसमोर आणि पनवेल खाडीत कोण जाणार, हे आधी ठरलेलं हवं. तटरक्षक दल, नौदल आणि सागरी पोलीस आहेत, पण त्यांचे तळ कुठे आणि जुहूपर्यंत किती मिनिटं, हे विमानतळाच्या आपत्कालीन आराखड्यात छापलेलं आणि सरावात तपासलेलं हवं. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा माणसं गेली, आणि लाइफ जॅकेटची सक्ती त्यानंतर आली. ते बंदराच्या आत, भर दुपारी, आजूबाजूला बोटी असताना झालं.

कोळीवाड्यांना या आराखड्यात घ्या. किनाऱ्यालगतचे खडक, ओढ, भरतीची वेळ त्यांच्याइतकी कुणाला माहीत नाही. वेसावे, जुहू मोरागाव, उलव्याच्या बाजूची गावं, प्रत्येक ठिकाणी पावसाळ्यातही पाण्यात घालता येईल अशी एक बोट, तिच्यावर दोरखंड आणि जॅकेटं, बोटवाल्यांना मानधन आणि वर्षातून दोनदा विमानतळाबरोबर सराव. सराव जुलैत एकदा झालाच पाहिजे, हवा खराब असताना, रात्री. खर्च विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. प्रवाशाकडून विमानतळासाठीचं विकास शुल्क घेतलंच जातं, तर मग त्यातला काही भाग पाण्यावर खर्च व्हायला हरकत कशाला असावी?